काजूच्या बुंध्यातला बुराक

मार्चचा पहिला आठवडा. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आमच्या घरामागच्या उतारावर काजूची जुनी बागायत आहे. बोंडांचा आंबूस-गोड वास नुकता उठायला लागला होता. शेजारच्या काकांनी वरूनच हाक मारली, "हांगा पळय." गेलो तर ते एका झाडाच्या बुंध्याशी उकिडवे बसलेले. "बुराक," म्हणजे भोक, ते म्हणाले आणि बोट दाखवलं.

जमिनीपासून वीतभर उंचीवर साल चिरली होती. चिरेतून तपकिरी डिंक ओघळून गोठला होता आणि त्याला ओलसर भुसा चिकटला होता, करवतीखाली पडतो तसा, पण जाडा आणि तंतूतंतूंचा. मान वर करून पाहिलं तर एका अंगाची पानं पिवळी. काकांनी कोयतीच्या टोकाने साल खरवडायला घेतली. धडधाकट काजूची साल अशी सहज सुटत नाही. ही भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी हातात आली. आत वेडेवाकडे बोगदे, भुशाने गच्च ठासलेले. मग त्यांनी पिशवीतून सायकलच्या चाकाची एक तार काढली, टोकाला आकडा केलेली, आणि बोगद्यात सारली. दोन-तीनदा फिरवून ओढली तेव्हा तिला अडकून एक अळी आली. करंगळीहून जाड, दुधट पांढरी, अंगावर वळ्या, आणि पुढे टणक तपकिरी डोकं, तेही इवलंसं. एवढा सगळा उद्योग त्या डोक्याच्या दोन जबड्यांचा. काकांनी ती मागे भिरकावली. कोंबडी टपूनच होती.

त्या एका झाडातून पाच अळ्या निघाल्या. तोवर बुंध्याचा निम्म्याहून जास्त घेर उघडा पडला होता. पानांनी केलेलं अन्न मुळांकडे जातं ते सालीच्या आतल्या थरातून. तो थर चहूबाजूंनी तुटला की झाड उभ्या उभ्या उपाशी मरतं. "हें गेलें," काका म्हणाले आणि पुढच्या झाडाकडे वळले.

रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे या किडीला रोठा म्हणतात. कृषी खात्याच्या भाषेत खोड व मूळ पोखरणारी अळी. मोठी होऊन बाहेर पडते ती लांब मिशांच्या, तांबूस तपकिरी भुंगेऱ्याच्या रूपात. (मराठीची इथे जरा अडचण आहे. भुंगा म्हटलं की आपल्याला कीर्तनातला भुंगा आठवतो, कोरडं लाकूड पोखरणारा आणि कमळात अडकून पडणारा. तो मधमाशीच्या कुळातला. पाठीवर कवच असतं तो भुंगेरा. पण बोलताना दोघांचाही भुंगाच होतो, आणि पुढे माझ्याकडूनही होईल.)

या प्रसंगातलं घरचं काय आणि बाहेरचं काय, याचा हिशेब मांडायला बसलं की गंमत होते. 'बुराक' हा शब्द पोर्तुगीज. 'काजू' हा शब्द पोर्तुगिजांनी ब्राझीलच्या तुपी लोकांकडून उचलला, आणि सोळाव्या शतकात झाडही त्यांनीच इकडे आणलं. अळी मात्र अस्सल इथली. काजू येण्याआधी ती इथल्या रानातल्या झाडांवर गुजराण करत होती. मग तिच्या दारात कुणीतरी हेक्टरच्या हेक्टर मऊ सालीचं जेवण मांडून ठेवलं. गोव्यात आज काजूखाली ५५ हजार हेक्टरांच्या आसपास जमीन आहे, म्हणजे राज्याचा जवळजवळ सातवा हिस्सा. त्यातली बरीचशी झाडं म्हातारी, आणि बुंधे बघायला वर्षातून एकदाही कुणी न जाणारी. एवढं ताट वाढल्यावर पाहुण्याला दोष कसा द्यायचा?

पण काजूला दुसराही एक बुराक पडतो, टाचणीच्या माथ्याएवढा. तो कोयतीने दिसत नाही, चष्म्याने दिसतो. जुन्या गोव्यातल्या आयसीएआरच्या, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या, संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली एका शोधनिबंधात नोंद केली की गोव्यातल्या काजूवर युप्लाटिपस पॅरेलेलस नावाचा भुंगेरा सापडला आहे. हा मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. लाकडाच्या व्यापाराबरोबर तो आफ्रिकेत गेला, आशियात आला. म्हणजे ब्राझीलहून आलेलं झाड आणि त्याच्या मुलखातला किडा यांची गाठ पुन्हा पडली ती चारशेहून अधिक वर्षांनी, गोव्याच्या डोंगरावर.

हा भुंगेरा लाकूड खातच नाही. तो शेती करतो. खोडात सरळ बारीक बोगदा कोरतो, येताना सोबत आणलेल्या बुरशीची त्या बोगद्याच्या भिंतींवर लागवड करतो आणि त्या पिकावर स्वतः जगतो, पोरंबाळं पोसतो. आपल्याआधी कोट्यवधी वर्षं या कुळातले भुंगेरे शेतकरी झालेले आहेत. त्रास असा की बोगद्यांबरोबर इतर बुरश्याही आत शिरतात, आणि त्यांतल्या काही झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद पाडतात. तहानलेलं, घाव बसलेलं, आधीच खंगलेलं झाड त्याला जास्त आवडतं. सिंगापूर-मलेशियात रस्त्याकडेला अंगसाना नावाचे मोठे वृक्ष आहेत, आपल्या असाण्याच्या, म्हणजे बिबळ्याच्या वंशातले. ते उभ्याने वाळायला लागले तेव्हा त्यांच्या खोडात हाच भुंगेरा सापडला आणि त्याच्या जोडीला फ्युजेरियम नावाची बुरशी. असाणा आमच्या सत्तरीच्या, सांग्याच्या रानात आहे. काजू मेला तर भाटकार, म्हणजे बागायतीचा मालक, ओरडतो, कारण काजूला बाजार आहे. रानातला असाणा वाळला तर कोण ओरडणार?

गोव्यात 'भायलो', म्हणजे बाहेरचा, हा शब्द सध्या किती तापलेला आहे ते सांगायला नको. जमीन घेणारा भायलो, टॅक्सी चालवणारा भायलो, गाडा लावणारा भायलो. परक्या किडीचं नाव काढलं की त्या रागाला आणखी एक उदाहरण मिळतं आणि सगळे माना डोलावतात. मला ही डोलावणी नको आहे. जन्मगाव हा गुन्हा धरला तर पहिली कुऱ्हाड काजूवरच पडेल. ज्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून आपण मिरवतो, ती फेणी जाईल. मिरची जाईल, अननस जाईल, पेरू आणि चिकूही जातील. उरलेल्या जेवणावर गोंयकारपण किती दिवस टिकतं ते बघायला मला आवडेल.

शिवाय आपलेही काही कमी नाहीत. माडाच्या कोंबात शिरून पात्यांच्या पंख्याला कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी खण पाडणारा गेंड्या भुंगा आपल्याच बाजूचा, दक्षिण आणि आग्नेय आशियातला. तो १९०९ साली श्रीलंकेतून रबराच्या रोपांबरोबर सामोआ बेटांवर पोचला. २००७ साली ग्वाममध्ये, २०१३ साली हवाईत दिसला. ग्वाममधल्या माडांची जी दशा त्याने केली ती पाहिली तर आपला पाडेली झाडावर चढायचं सोडून देईल. दुसरा तो सोंड्या, तांबडा, सोंडवाला. माडाच्या खोडाला कान लावला तर आत त्याच्या अळ्यांचं कुरतडणं ऐकू येतं म्हणतात, आणि एकदा मी ते ऐकलंही आहे: कुणीतरी दूरवर कुरमुरे खातंय असा आवाज. हा सोंड्या १९८० च्या दशकात आखाती देशांतल्या खजुरांत शिरला, आणि १९९० च्या दशकात शोभेसाठी आणलेल्या खजुरांच्या झाडांतून स्पेनमध्ये. पुढे इटली, फ्रान्स, सगळा भूमध्य किनारा. तिथल्या माणसाच्या लेखी भायले आपण.

इथे गेंड्या भुंगा माडाला छळतो, पण माड संपवत नाही. त्याला मारणारी हिरवी बुरशी इथल्या शेणखतात आहे, अळ्या उकरून खाणारे पक्षी-प्राणी आहेत, आणि शेणाचा खड्डा उपसताना अळ्या वेचायची पिढ्यांची सवय आहे. नवीन मुलखात यातलं काहीच नसतं. झाड किड्याला ओळखत नाही, किड्याचा वैरी तिथे पोचलेला नसतो आणि माणसाला बुराक कसा ओळखायचा ते ठाऊक नसतं. सारा फरक एवढाच. म्हणून किड्याला गाव विचारून काही हाती लागत नाही. विचारायचं ते लाकडाला. कुठून आलंस, सालीसकट आलंस की सोलून, आणि इथे किती दिवस पडून राहणार आहेस? गोव्यात हे प्रश्न कुणी विचारत नाही. ते विचारण्याची सक्ती हवी, एवढंच मला म्हणायचं आहे, आणि त्यासाठी लागेल तेवढं बोलणार आहे.

लाकूड किडे नेतं हे जगाला फार महागात पडून कळलं. १९९६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मेपलच्या झाडांना बोटभर छिद्रं दिसली. काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेला, लांब मिशांचा भुंगेरा चीनमधून मालाच्या खोक्यांच्या लाकडातून आला होता. १९९८ साली तो शिकागोत सापडला. तिथे दीड हजारांहून जास्त झाडं तोडून, चुरा करून, दहा वर्षं पाळत ठेवून २००८ साली त्याचा निकाल लावला. ही जिंकलेली लढाई. हरलेली लढाई डेट्रॉइटची. पाचूसारखा हिरवा, तांदळाच्या दोन दाण्यांएवढा एक भुंगेरा २००२ साली तिथल्या ॲश वृक्षांवर ओळखला गेला. वाळलेल्या खोडांची वर्तुळं मोजून नंतर कळलं की तो १९९० च्या दशकापासूनच तिथे होता. म्हणजे कुणाच्या लक्षात येईपर्यंत त्याने निवांतपणे आठ-दहा वर्षं संसार केला, आणि लोकांनी जळाऊ लाकडाच्या मोळ्या गाडीच्या डिकीत टाकून त्याला गावोगाव पोचवलं. त्याने मारलेल्या झाडांची मोजदाद कोटींत आहे. बेसबॉलच्या बॅटी ज्या लाकडाच्या होत, ते हे लाकूड.

मला या गोष्टीतली आठ-दहा वर्षं झोप येऊ देत नाहीत. तिथे विद्यापीठं होती, प्रयोगशाळा होत्या, प्रत्येक शहराकडे झाडांची यादी होती. तरीही एवढा काळ गेला. आमच्याकडे सत्तरीत एखादा किंदळ किंवा असाणा वाळला तर आपण काय म्हणतो? "यंदा पाऊस कमी झाला." नाहीतर "वीज पडली असेल." नाहीतर शेजाऱ्याकडे बघून गप्प बसतो, कारण बुंध्यात ॲसिड ओतून झाड मारण्याची कला आपल्याकडे अवगत आहे.

२००२ सालीच जगातल्या देशांनी मालाच्या लाकडी खोक्यांसाठी एक नियम ठरवला. खोकं किंवा पॅलेट ज्या लाकडाचं, ते गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला ३० मिनिटं तापलेलं पाहिजे, नाहीतर विषारी वायूने धुरी दिलेलं. नंतर, २००९ साली, साल काढलेलीच हवी अशी भर पडली. तसं केल्याची खूण म्हणून लाकडावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का असतो, शेजारी देशाची दोन अक्षरं आणि कसली प्रक्रिया केली त्याचं चिन्ह.

हा शिक्का मी गेल्या वर्षी बार्देशात एका बंगल्याच्या बांधकामावर शोधत बसलो होतो. ओळखीच्या माणसाचं काम होतं म्हणून आत जाता आलं. परदेशी फरशा आल्या होत्या. खोकी फोडून फळ्या कुंपणाला टेकवल्या होत्या. काही फळ्यांवर ओंबी स्पष्ट दिसत होती. पण खोक्याच्या आत फरशा हलू नयेत म्हणून ठोकलेले चौकोनी ठोकळे होते, त्यांतल्या दोहोंच्या एका कडेला हाताच्या पंजाएवढी साल तशीच, आणि सालीत तीन बारीक गोल बुराक. शिक्का नाही. ते बुराक जुने की नवे, आत काही होतं की रिकामे, मला कळायला मार्ग नव्हता. मुकादमाला विचारलं, हे लाकूड पुढे कुठे जातं? तो हसला. "चुलीला, साहेब. आणि चांगल्या फळ्या कामगार घेऊन जातात, खोली बांधायला." ठोकळे एका आंब्याच्या बुंध्याशी रचून ठेवले होते. त्याच आंब्याची दक्षिणेकडची फांदी ट्रकला आड येते म्हणून तोडलेली, घाव ओला. किड्याला याहून चांगलं निमंत्रण कुणी छापून दिलं नसतं.

आणि हा नियम लागू आहे तो देशाची हद्द ओलांडणाऱ्या मालाला. केरळातून, तमिळनाडूतून, कर्नाटकातून जे लाकडी पॅलेट, जे सालीसकट ओंडके, जे जळण गोव्यात येतं, त्याला ओंबी लागत नाही. आंध्रातल्या कडियमसारख्या ठिकाणच्या रोपवाटिकांतून उभेच्या उभे वाढलेले ताड-खजूर मुळाशी मातीचा गोळा बांधून ट्रकने निघतात, आणि महिनाभरात कुठल्याशा हॉटेलच्या तरणतलावाभोवती उभे राहतात. सोंड्या स्पेनमध्ये नेमका असाच गेला होता. नव्या बंगल्याला चार वर्षं रोप वाढण्याची वाट बघायची नसते, पहिल्याच दिवशी सावली पाहिजे असते. त्या घाईची पावती शेजारच्या माडाच्या नावावर फाटते.

कुणी म्हणेल, नाक्यावर तपासणी कुठे शक्य आहे? शक्य आहे, कारण आपण ती करतो. पत्रादेवी, दोडामार्ग, केरी, मोले, पोळे. गोव्याची तोंडं मोजकी आहेत. २०१८ च्या जुलैत मासळीत फॉर्मेलिन हे विषारी रसायन असल्याचा गवगवा झाला तेव्हा सरकारने पंधरा दिवस बाहेरची मासळी बंद केली आणि पुढे नाक्यांवर मासळीच्या ट्रकांना अडवून कागद मागितले. मालवणपर्यंत त्याची झळ गेली. मासळी आपण खातो, म्हणून तिला विचारलं. लाकडालाही नाक्यावर विचारतात, नाही असं नाही. वाहतुकीचा परवाना बघतात: कुठल्या जातीचं, किती घनमीटर, कुणाच्या मालकीचं, कुठून कुठे. म्हणजे चोरीचं आहे का एवढं बघतात. सालीखाली काय आहे, हे विचारायला त्या कागदावर रकाना नाही. तो एक रकाना वाढवायला नवा विभाग नको, नवी इमारत नको, कोनशिला बसवायला मंत्री नको.

कायदाही जुना आहे. विध्वंसक कीटक व कीड कायदा १९१४ सालचा; आयातीचा तपशीलवार आदेश २००३ सालचा. बंदरावर, विमानतळावर त्यांचा अंमल होतो. पण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या सालीला कुणी मायबाप नाही. गोव्याचा स्वतःचा वृक्ष संरक्षण कायदा १९८४ चा. त्याचं सगळं लक्ष झाड तोडायला परवानगी घेतली का आणि बदल्यात झाडं लावली का याकडे. या कायद्यात २०१६ साली माड हे झाडच नाही असा बदल झाला होता, आठवत असेल. केवढा गहजब झाला! दुसऱ्या वर्षी मुख्यमंत्री बदलले आणि माड पुन्हा झाड झाला. त्या वर्षभरात माड झाड आहे की गवत यावर जेवढी शाई खर्ची पडली, तिच्या शतांशानेही कुणी विचारलं नाही की तोडलेल्या माडाचं खोड कुठे जातं. पडून कुजणारं माडाचं खोड हे गेंड्या भुंग्याचं बाळंतपणाचं घर आहे. परवानगी घेऊन तोडलेला, कायदेशीर कुजणारा माड बेकायदेशीर माडाइतकेच भुंगे जन्माला घालतो.

आता विरोधाकडे. बांधकामवाल्यांचा विरोध मी फारसा मनावर घेत नाही. ओंबीचा शिक्का बघून खोकी घेणं त्यांना परवडतं. छोट्या काजूवाल्याचं गाऱ्हाणं खरं आहे: मेलेल्या झाडाचं लाकूड त्याच्या भट्टीला लागतं, ते फुकट का घालवायचं? घालवू नयेच. त्याकडे परत येतो.

मला सगळ्यांत जड जातो तो माझ्याच बाजूच्या लोकांचा विरोध. मोलेच्या जंगलासाठी २०२० पासून जे लढले, ज्यांच्यामुळे रेल्वेच्या दुपदरीकरणाची मंजुरी २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, त्यांतले काही मला म्हणतात, "कीड-कीड करू नकोस. उद्या 'झाड किडलंय' म्हणून तोडायला त्यांना निमित्त मिळेल." ही भीती हवेतली नाही. मध्य प्रदेशात १९९० च्या दशकाच्या अखेरीस साल नावाच्या वृक्षांच्या जंगलात खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची साथ आली. मंडला भागात झाडं मोठ्या संख्येने वाळली, आणि साथ थांबवायची म्हणून त्याहून मोठ्या संख्येने तोडली गेली. किडलेली किती आणि चांगली किती, यावर वाद पेटला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्याच मुलखात एक जुनी, साधी रीत होती. ताज्या तोडलेल्या सालाच्या ओंडक्याची साल ठेचून ठेवायची. रसाच्या वासाने आसपासचे भुंगेरे त्यावर गोळा होतात. ते वेचून मारायचे, गावकऱ्यांना नगामागे पैसे द्यायचे. थोड्या झाडांच्या मोबदल्यात पुष्कळ वाचवायची ती रीत होती. कुऱ्हाड सोपी पडते, कारण कुऱ्हाडीनंतर लाकूड विकता येतं.

म्हणून मी उलट बाजूने म्हणतो, की जंगलाच्या आत या कारणाने कुऱ्हाड नकोच. आमच्या देवरायांत शंभर वर्षं पडलेला ओंडका आहे, त्यात सुतार पक्षी आहे, अळी आहे, अळीला खाणारी माशी आहे. मेलेलं झाड तिथे कचरा नाही. तिथल्या देशी भुंगेऱ्यांचं काम जुनंच आहे, त्यांना ते करू द्यावं. नियम लावायचा तो चाकांवर चढणाऱ्या लाकडाला. झाड मेलं तिथेच राहिलं तर कीड वर्षाला फार तर काही किलोमीटर सरकते. ट्रकमध्ये बसली तर दुपारच्या जेवणापर्यंत घाट उतरते. वनरक्षकाला हा फरक कळतो. कंत्राटदाराला तो न कळण्यात फायदा असतो, एवढंच.

आणि फवारणीचं नाव कुणी काढू नये. खोडाच्या आत बसलेल्या अळीला वरून मारलेल्या औषधाचा थेंब लागत नाही. लागतो तो माणसाला. काजूवर वरून औषध मारल्याने काय होतं ते बघायला आपल्याला लांब जावं लागत नाही. केरळच्या कासरगोडात काजूच्या बागांवर वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरने एंडोसल्फान नावाचं कीटकनाशक फवारलं गेलं, आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी आणेपर्यंत तिथल्या गावांनी जे भोगलं ते अजून संपलेलं नाही.

मग करायचं काय? सालीसकट लाकूड आणि मोठी वाढलेली झाडं राज्यात येताना कुठून आली ते लिहून घ्यायचं आणि बुंध्यावरून एकदा बॅटरी फिरवायची. परदेशी खोकी जिथे फुटतात त्या बांधकामांना, परवाना देतानाच, बिनशिक्क्याचं लाकूड त्याच आठवड्यात जाळायची अट घालायची. माडाचं खोड पडलं तर ते फोडून वाळवायचं किंवा पुरायचं. काजूवाल्याचं जळण त्याच्याच भट्टीत जाऊ दे, पण किडलेला ओंडका एप्रिल-मे मध्ये जळाला पाहिजे. पुढच्या वर्षासाठी रचून ठेवला की भुंगेरे मोठे होऊन उडतात आणि मग भट्टीत जातं ते रिकामं घर. आजचा नियम झाड तोडण्यापाशी थांबतो. कीड मात्र तोडल्यानंतरच प्रवासाला निघते.

आणि बघायला डोळे हवेत. प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे. तिने गावातल्या झाडाझुडपांची नोंदवही केली, ती छापली, कपाटात गेली. त्याच समितीतल्या चार माणसांना बुराक ओळखायला शिकवा: भुसा जाडा की पिठासारखा, छिद्र गोल की अर्धगोल, डिंक ताजा की जुना. फोटो काढून पाठवायला एक नंबर द्या, आणि तो नंबर उचलणारा माणूस कृषी खात्याचा की वनखात्याचा हे भांडण आधी मिटवा. ऑस्ट्रेलियात पर्थ शहरात २०२१ साली तिळाएवढा बुरशी-शेतकरी भुंगेरा सापडला तो कुणा शास्त्रज्ञाला नाही, एका रहिवाशाला. अंगणातलं झाड वाळताना दिसलं, त्याने कळवलं. पुढे सरकारने शहराच्या शहराला बंधनं घातली, ओलं लाकूड हलवायला मनाई केली, बागांतले मोठमोठे जुने फायकस, आपल्या वडाच्या गोत्रातले, तोडले. तरी उशीर झाला होता. २०२५ साली त्यांनी मान्य केलं की आता समूळ नायनाट होणं नाही. आग्नेय आशियातून निघालेला किडा. त्यांच्याकडे यंत्रणा होती, पैसा होता, आणि तरीही. आपल्याकडे निदान नंबर तरी असावा.

एक गोष्ट कबूल करायला हवी. काकांच्या बागायतीत मी हे सगळं ज्ञान पाजळलं तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझ्या घराच्या मागे तो फणसाचा ओंडका दोन पावसाळे पडलाय, तो?" तो पाट आणि पोळपाट करायला म्हणून ठेवला होता. सालीसकट. गेल्या रविवारी सुताराला बोलावून साल काढून घेतली. एका बाजूला नखाच्या टोकाएवढे बुराक होते, नऊ मोजले. आत चिमूटभर पिठासारखा भुसा, बाकी काही नाही. सुतार म्हणाला, "हे आधीच उडाले." किती वर्षांपूर्वी, आणि कुठल्या झाडावर जाऊन बसले, ते त्यालाही सांगता आलं नाही. साल मी चुलीत घातली, ओंडका तो घेऊन गेला. पाट दिवाळीपर्यंत देतो म्हणालाय.